उघड्या दाराचा धर्म



अतिथिधर्माविषयी बोलू लागले की आपल्या डोळ्यांपुढे रंतिदेव उभा राहतो. अठ्ठेचाळीस दिवसांच्या उपवासानंतर समोर आलेले अन्न, आणि शेवटी पाण्याचा घोटसुद्धा, त्याने दारी आलेल्यांना देऊन टाकला. कपोताला अभय देणारा शिबी आठवतो. तैत्तिरीय उपनिषदातील तो गुरू आठवतो, जो विद्या पुरी करून घरी निघालेल्या शिष्याला सांगतो की माता, पिता आणि आचार्य यांच्या पंक्तीला अतिथीलाही बसव. ही उदाहरणे आपण लहानपणापासून इतक्या वेळा ऐकली आहेत की ती कानांवरून जातात, अंतःकरणात उतरत नाहीत. हाताळून हाताळून नाण्यावरचा ठसा पुसट व्हावा तसे झाले आहे. म्हणून आज आपण थोडे दूर जाऊ. जेथे अंगणात तुळशीवृंदावन नाही, दारी रांगोळी नाही, आणि तरीही आलेला माणूस घोटभर ऊन पेय घेतल्याविना परतत नाही, अशा मंगोलिया देशात जाऊ.

हा देश आपल्याला वाटतो तितका परका नाही. तिबेटच्या मार्गाने बौद्ध धर्म तेथे गेला आणि त्याबरोबर संस्कृत शब्दही गेले. आजही मंगोल माणूस मंगळाला अंगरग, बुधाला बुद, गुरूला बर्हस्बदि, शुक्राला सुगर आणि शनीला सनचिर म्हणतो. औषधी झऱ्याच्या पाण्याला तो रशान म्हणतो. त्या शब्दाच्या पोटात आपले 'रसायन' आहे. पूर्वेकडे दारिगंगा नावाचा प्रदेश आहे आणि तेथील एका सरोवराचे नावच गंगा आहे.

भूमी मात्र निराळी. विस्ताराने महाराष्ट्राच्या पाचपट आणि लोकवस्ती अवघी पस्तीस लक्षांच्या आसपास. एखाद्या मोठ्या शहरात मावेल एवढी. उन्हाळा थोडका, हिवाळा दीर्घ, आणि त्या हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस-चाळीस अंश उतरतो. मेंढ्या, शेळ्या, गाईबैल, घोडे आणि उंट ही पाच प्रकारची जनावरे हेच धन. त्यांच्या चाऱ्यामागे घर हलते. ते घर म्हणजे गेर: लाकडी पट्ट्यांची दुमडणारी गोल जाळी, वर छत्रीच्या काड्यांसारखे वासे, मधोमध आकाशाकडे उघडे असलेले लाकडी चक्र, आणि भोवती लोकर थापून केलेल्या बुरणुसाचे जाड पांघरूण. दार नेहमी दक्षिणेस. एका बिऱ्हाडाचा तळ दुसऱ्यापासून कित्येक कोसांवर असू शकतो.

अशा घरापाशी वाटसरू येतो. तो दार ठोठावीत नाही. दुरूनच आरोळी देतो, "नोखोई खोर!" म्हणजे, "कुत्रे आवरा!" आपल्याला हसू येईल; परंतु या आरोळीत पुष्कळ अर्थ भरला आहे. कुत्रे खरोखरच दांडगे असतात हा एक भाग झाला. दुसरा भाग असा की या शब्दांत 'आत येऊ का?' असा प्रश्नच नाही. आत येणे गृहीत आहे. घरधन्याने एवढेच पाहावयाचे की येणाऱ्याला इजा होऊ नये. आपल्याकडे पाहुणा परवानगी मागतो आणि यजमान ती देतो. तेथे परवानगी आधीच, पिढ्यान्‌पिढ्यांपूर्वी, देऊन ठेवलेली आहे.

आत शिरतानाचे नियम मात्र कडक आहेत, आणि येथे मला वाचकांचे लक्ष विशेष वेधावयाचे आहे. अतिथिधर्म म्हटला की आपण यजमानाची कर्तव्ये मोजू लागतो. मंगोल रिवाजात अर्धी कर्तव्ये पाहुण्याची आहेत. चाबूक आणि शस्त्र बाहेर ठेवावे. उंबरठ्यावर पाय देऊ नये, त्यावरून नीट पलीकडे जावे. आत गेल्यावर डावीकडून, म्हणजे मधली चूल आपल्या उजव्या हाताला ठेवून, सरकावे. ही आपली प्रदक्षिणाच होय. पश्चिमेची बाजू पुरुषांची व पाहुण्यांची, पूर्वेची घरधनिणीची आणि तिच्या भांड्याकुंड्यांची. उत्तरेस, दारासमोर, खोइमोर: तेथे देवघर, आणि त्याच्या पुढ्यात वडीलधाऱ्यांचे व सन्मान्य अतिथीचे आसन. मधल्या दोन खांबांच्या मधून जाऊ नये, त्यांच्यामधून कोणाला वस्तूही देऊ नये. चुलीकडे किंवा देवाकडे पाय पसरू नयेत. अग्नीत केर टाकू नये, पाणी ओतू नये, त्याच्याकडे सुरीचे टोक करू नये. चुकून कोणाच्या पायाला पाय लागला तर लगेच हात हातात घ्यावा. हे वाचून आपल्या आजीची आठवण झाली नाही असा वाचक विरळा.

उंबरठ्याची ही मर्यादा किती जुनी आहे याला लेखी पुरावा आहे. इ. स. १२५३ ते १२५५ या काळात विल्यम ऑफ रुब्रुक नावाचा एक ख्रिस्ती साधू मोंगके खानाच्या दरबारी जाऊन आला. एके दिवशी बाहेर पडताना त्याचा सोबती उंबरठ्याशी अडखळला. तेवढ्यावरून त्याला पकडून न्यायाधीशापुढे उभे केले. हा नियम त्याला कोणी सांगितला नव्हता असे ठरल्यामुळे तो सुटला, परंतु खानाच्या कोणत्याही निवासात पाऊल टाकण्यास त्याला मनाई झाली. शिक्षा जाचक वाटते खरी. तथापि त्यामागील भाव ध्यानी घेण्याजोगा आहे. ज्याचे दार सर्वांना मोकळे, त्याच्या उंबरठ्याचा मान सर्वांनी राखलाच पाहिजे. नाही तर मोकळे दार आणि पडके दार यांत अंतर ते काय राहिले?

आता चहा. तो आपला चहा नव्हे. विटेसारखी दाबून केलेली चहाची वडी फोडून ती पाण्यात उकळतात, त्यात दूध आणि चिमूटभर मीठ घालतात, आणि डावाने उंचावरून पुनःपुन्हा ओततात. तयार होताच पहिला अंश कोणाही माणसाचा नाही. गृहिणी दाराबाहेर जाऊन तो आकाशाला, दिशांना शिंपडते. दुधाचे असे अर्घ्य देण्यासाठी नऊ खळग्यांची एक लाकडी पळीच असते. मग पाहुणा, मग घरचे. वाटी देताना सदऱ्याच्या बाह्या खाली सोडलेल्या असाव्यात. वाटी दोन्ही हातांनी, किंवा उजव्या हाताने देऊन डावा हात उजव्या कोपराला लावून द्यावी. टवका गेलेली वाटी पुढे करू नये. घेणाऱ्यानेही तशीच घ्यावी आणि निदान ओठाला लावावी. भूक नाही, वेळ नाही, सवय नाही, ही कारणे तेथे चालत नाहीत. पुढे ताटात वाळवलेल्या दह्याचे दाताला दाद न देणारे तुकडे, जाड साय, लोणी. उन्हाळ्यात बहुतेक दुधाचेच पदार्थ, हिवाळ्यात मांस. त्यांच्या ताटातील मांस आणि पेयातील मद्यांश पाहून आपल्यापैकी कोणी नाक मुरडील. त्याने त्या थंडीत भाजीचा एक वाफा लावून दाखवावा आणि मग खुशाल मुरडावे.

तपकिरीच्या दगडी कुपीचाही एक उपचार आहे. पाहुणा व यजमान उजव्या हाताने आपापली कुपी एकमेकांस देतात. ज्याला तपकीर ओढावयाची नसेल तो नुसते झाकण हुंगून परत करतो. नाकारता येत नाही, परंतु सक्तीही नाही. इतके नाजूक सौजन्य आपल्या पंक्तीतल्या आग्रहात क्वचितच आढळते.

सर्वांत हृदयंगम भाग संभाषणाचा. पहिले प्रश्न ठराविक: जनावरे धष्टपुष्ट आहेत ना? हा ऋतू सुखाने जात आहे ना? आणि उत्तरही ठराविक: सारे क्षेम आहे. वास्तविक गेल्या हिमवर्षावात निम्मा कळप गेला असेल, घरात आजारी माणूस असेल. तरीही पहिले उत्तर 'क्षेम' हेच. चहा पोटात गेला, हातापायांत ऊब आली, की मग खरी वार्ता हळूहळू निघते. पाहुणाही आपले काम आल्या आल्या सांगत नाही. कोणी म्हणेल, हा खोटेपणा झाला. मला तसे वाटत नाही. गारठून आलेल्या माणसाच्या खांद्यावर आपले ओझे तत्काळ ठेवू नये, आणि घरधन्यापुढे आपली गरज एकदम उघडी करून त्याला पेचात पाडू नये, अशी ही दुहेरी दया आहे. सत्य सांगावयाचे आहेच. ते ऐकण्याचे बळ आधी समोरच्याला द्यावयाचे आहे.

दाराजवळ डाव्या बाजूस चामड्याची एक मोठी पखाल टांगलेली असते. तीत घोडीचे दूध आंबत असते. त्या पेयाला ऐराग म्हणतात. ते सहस्रावधी वेळा घुसळावे लागते, म्हणून जो कोणी आत येतो तो रवीचे चार हात मारूनच पुढे जातो. पाहुणाही मारतो. ज्या घरात तो पिणार, त्या घराच्या कष्टात त्याने येता येताच आपला वाटा उचललेला असतो.

या घुसळण्याच्या आवाजाने एकदा एका मुलाचे प्राण वाचविले. तेराव्या शतकात मंगोलांनी लिहून ठेवलेल्या 'गुप्त इतिहास' या ग्रंथात ती कथा आहे. तेमुजिन नावाचा पोरका मुलगा, जो पुढे चंगीझ खान झाला, तो ताइचिउद टोळीच्या कैदेत होता. गळ्यात लाकडी खोडा. एका रात्री पहारेकऱ्याला त्याच खोड्याचा तडाखा देऊन तो निसटला आणि ओनोन नदीच्या पाण्यात लपून राहिला. शोधणाऱ्यांपैकी सोरकान-शिरा नावाच्या माणसाने त्याला पाहिले, पण दाखवून दिले नाही. आईकडे निघून जा, एवढेच तो म्हणाला. मुलगा गेला नाही. पूर्वी एकदा त्याच घरी तो रात्र काढून आला होता. ते लोक पहाटेपर्यंत ऐराग घुसळतात हे त्याला ठाऊक होते. काळोखात त्या आवाजाचा मागोवा घेत तो दारी पोचला.

सोरकान-शिरा घाबरला, रागावलाही. तुला जा म्हटले होते, मग येथे का आलास? हे स्वाभाविक होते. हा मुलगा घरात सापडला असता तर सारे कुटुंब मारले गेले असते. येथे त्याचे दोघे मुलगे पुढे झाले. ससाण्याने पिटाळलेला पक्षी झुडपात शिरला तर झुडूपसुद्धा त्याला आसरा देते, आणि आपण माणसे असून दारी आलेल्याशी असे बोलावे काय, अशा अर्थाचे ते बोलले. शिबीच्या मांडीवरचा कपोत आणि ओनोनकाठचे हे झुडूप यांची गाठ कोणी घातली? त्यांनी खोडा काढून जाळला, मुलाला मागच्या लोकरीच्या गाडीत दडविले, आणि धाकट्या बहिणीला त्याची देखभाल सांगून कोणाजवळ चकार शब्द काढू नको असे बजावले. तिसऱ्या दिवशी झडती आली. माणसे गाडीतील लोकर उपसू लागली. मुलाच्या पायापर्यंत हात पोचण्याचीच खोटी होती. एवढ्या उकाड्यात लोकरीखाली कोण जिवंत राहील, असे सोरकान-शिरा सहज म्हणाला, आणि ती माणसे निघून गेली.

त्यानंतर त्याने काय केले हे पाहावे. तू आमची राख उडविली असतीस, असे तो त्या मुलाला स्पष्ट म्हणाला. आणि त्याच वेळी त्याला एक घोडी, शिजविलेले कोकरू, पिण्याची पखाल, एक धनुष्य आणि दोन बाण दिले. खोगीर दिले नाही, चकमक दिली नाही. भीती गेली नव्हती, म्हणून दान मोजूनमापून होते. या कथेतला हा मोजूनमापून देणारा भित्रा माणूस मला रंतिदेवापेक्षाही अधिक जवळचा वाटतो, हे मी मोकळेपणाने सांगतो. रंतिदेव होणे आपल्या आवाक्याबाहेरचे आहे. आधी रागावून, मग मुलांच्या बोलण्याने लाजून, आणि शेवटी जमेल तेवढे देऊन दार उघडे ठेवणे हे आपल्यासारख्या संसारी माणसालाही साधण्याजोगे आहे. इ. स. १२०६ च्या महासभेत, सारी टोळकी एका छत्राखाली आली तेव्हा, चंगीझ खानाने या उपकाराची आठवण ठेवून त्याचा सन्मान केला. पण त्या रात्री सोरकान-शिराला ते ठाऊक नव्हते.

याच ग्रंथात याची काळी बाजूही आहे. तेमुजिनचा पिता येसुगेई मुलाची सोयरीक ठरवून, त्याला सासुरवाडीस ठेवून एकटा परत येत होता. वाटेत तातार लोकांची मेजवानी चालली होती. तहान लागलेली, आणि मेजवानीच्या कडेने जाणाऱ्याने उतरून घोटभर घ्यावे हा रिवाज. तो उतरला. त्यांनी आपला जुना वैरी ओळखला आणि पेयात विष कालविले. घरी पोचून तो मरण पावला. पुढे १२०२ मध्ये तेमुजिनाने तातारांचा जो संहार केला त्याचे समर्थन करता येणार नाही. पण त्या एका वाटीने किती रक्ताला वाट करून दिली हे त्यावरून दिसते. आजही मंगोल माणूस पेय हाती आले की अनामिका त्यात बुडवून थेंब आकाशाकडे उडवितो. आपल्या चित्राहुतीसारखाच हा अर्पणविधी. लोक मात्र आणखी एक कारण सांगतात: त्या बोटातील चांदीच्या अंगठीने विष कळून येई. अर्पण आणि संशय एकाच बोटावर! विश्वास एकदा मोडला की तो किती पिढ्या सलतो, याचे याहून बोलके चिन्ह मला ठाऊक नाही.

आता एक आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. सुशिक्षित माणूस म्हणेल, यात धर्म कसला? ही निव्वळ गरज. जेथे रात्री उघड्यावर राहणे म्हणजे मरण, तेथे आज मी दार उघडले नाही तर उद्या माझ्यासाठी कोण उघडील, हा साधा हिशेब आहे. हिशेब आहे हे मलाही मान्य. २००९-१० च्या हिवाळ्यात तेथे ऐंशी लक्षांहून अधिक जनावरे दगावली. असा तडाखा कोणाच्या कळपावर केव्हा येईल याचा नेम नसतो, आणि आजचा यजमान उद्याचा याचक होतो. परंतु हिशेबी माणूस ओळख पाहून देतो, परतफेडीची शक्यता पाहून देतो. बिऱ्हाड रानात गेले असता गेर उघडे टाकून, चहाची व खाण्याची सोय ठेवून जाण्याची जी जुनी चाल तेथे आहे, तीत घेणारा कोण हे देणाऱ्याला कधी कळतच नाही. गरजेने लावलेले रोप होते हे खरे. त्याला फळ आले ते मात्र धर्माचे.

त्या धर्माची परीक्षा विसाव्या शतकात झाली. १९३७ ते १९३९ या काळात तेथील राजवटीने बहुतेक सर्व मठ उद्ध्वस्त केले, सहस्रावधी लामांना ठार केले. राजधानीतील गंदन मठ १९४४ मध्ये पुन्हा उघडला, आणि १९९० पर्यंत पूजाअर्चेचे स्थान म्हणून जवळजवळ तोच एक उरला होता. मंदिरे पाडता आली; गृहिणीच्या हातातील पळी कोण हिसकावणार? चहाचा पहिला अंश आकाशाला देण्यास ना पुरोहित लागतो ना शिखर. आज तेथे नववर्षाचा सण, त्सगान सार, पुन्हा उघडपणे साजरा होतो. धाकटा मनुष्य वडिलांच्या कोपरांखाली आपले हात आधारासारखे धरून अभिवादन करतो, निळे रेशमी वस्त्र दोन्ही हातांनी अर्पण होते, पावलाच्या आकाराच्या दशम्यांसारख्या पक्वान्नांची रास विषम थरांनी रचतात, आणि येणाऱ्या प्रत्येकाला काहीतरी देऊनच निरोप देतात. सणाच्या आदल्या रात्री दाराशी बर्फाचे तीन तुकडे ठेवतात. त्या रात्री देवी घरोघर फिरते अशी श्रद्धा आहे. तिच्या वाहनाला तहान लागेल, त्यासाठी ते पाणी. या देवीचे संस्कृत नाव श्रीदेवी. न दिसणाऱ्या अतिथीच्या जनावराचीही ज्यांना काळजी, ते दिसणाऱ्याला विन्मुख कसे पाठवतील?

परंतु नवी परीक्षा याहून कठीण आहे. देशाची जवळजवळ निम्मी वस्ती आता एकट्या उलानबातर नगरीत आहे. गवताळ रानातून कळप गमावून आलेली कुटुंबे शहराच्या कडेला गेर उभारतात, पण भोवती फळ्यांचे उंच कुंपण आणि फाटकाला कुलूप. प्रवाशांसाठी जागोजाग गेरांच्या छावण्या झाल्या आहेत. तेथे चहा मिळतो आणि त्याचे पैसे पडतात. यात मी कोणाला दोष देत नाही. गरज सरली की गरजेतून उगवलेला धर्म टिकतो की नाही, हा प्रश्न त्यांच्यापुढे आज उभा आहे. आपल्या सदनिकांच्या दाराला बसविलेल्या भिंगातून बाहेर पाहून, कोण आले आहे याची खात्री करून घेत, आपणही तोच प्रश्न रोज सोडवीत असतो. शेजारणीचा डबा रिकामा परत करू नये हे आपल्याकडे अजून पाळतात. तेथेही तसेच आहे. आलेले भांडे ते रिकामे धाडीत नाहीत.

रानातील बिऱ्हाडांत जुनी चाल अजून आहे. पाहुणा निघतो. घरधनी त्याला घोड्यापर्यंत, आता पुष्कळदा मोटारीपर्यंत, पोचवतो. वाट कोठे फुटते, नदीला उतार कोठे आहे, पुढचे बिऱ्हाड कोणत्या डोंगराआड आहे, हे हाताने दाखवितो. पाहुणा थोडा दूर गेला की घरातील माउली दुधाचे भांडे आणि ती नऊ खळग्यांची पळी घेऊन बाहेर येते, आणि त्याच्या वाटेच्या दिशेने दूध शिंपडीत तो दिसेनासा होईपर्यंत उभी राहते.